दांडी सोडू नका

आमचे हे न्हावी आहेत आणि दोन्ही हात हलवल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. दुकानात ते खपून जातं. एका हातात कात्री, दुसऱ्यात कंगवा आणि समोर मानेपर्यंत कापड गुंडाळून बसवलेलं गिऱ्हाईक. ऐकून घेण्यावाचून ते बिचारं करणार काय? पण सगळं आयुष्य त्या खुर्चीभोवती उभं राहण्यात गेलं आणि शेवटी डावा खुबा बोंबलायला लागला.

"पाण्यात उभं राहून पायाचे व्यायाम करा," डॉक्टर म्हणाले. "पाय बळकट झाला तर उत्तम. नाहीतर उभ्याचं काम सोडावं लागेल."

हे घरी आले. हात मांडीवर ठेवून बसले. इतकी वर्षं मी त्या हातांना नावं ठेवली, पण ते असे पडलेले पाहून मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर पाटी लागली, 'घरच्या लग्नासाठी दुकान बंद'.

"अहो, कुणाचं लग्न?" मी विचारलं. आमच्या एकुलत्या एक मुलीची मुलं शाळेत जातात.

"ते नंतर ठरवू. पण खुब्याचं कुणाला कळता कामा नये. न्हाव्याचा पाय लटपटतोय म्हटल्यावर लोक हातावरही शंका घेतात. आपापला कान सगळ्यांनाच प्यारा असतो. आणि समोरचा टपूनच बसलाय."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचं नवं, काचेचं दुकान. तिथे मोठ्यांदा गाणी लावतात आणि गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलत नाहीत. हे त्याला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहतात.

पोहण्याच्या तलावावर व्यायाम शिकवणाऱ्या बाई वयाने लहान, पण आवाज असा की पाणीसुद्धा सरळ उभं राहील. "काका, छातीएवढ्या पाण्यातच थांबायचं. एक हात कायम या काठाच्या दांडीवर. पाठ ताठ. पाय खुब्यातून हलवायचा, कमरेतून नाही. पुढे, मग मागे, सावकाश. दुखलं की लगेच थांबायचं. इथे शूरपणाचं बक्षीस नाही. आणि एकट्याने पाण्यात उतरायचं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्ही काठावर बसा आणि लक्ष ठेवा."

ही नोकरी मला फार आवडली. टॉवेल मांडीवर घेऊन मी बाकावर बसायचे आणि यांचा हात सुटला रे सुटला की ओरडायचे, "दांडी!"

कारण हात सुटायचाच. शेजारी निळी टोपी घातलेले एक गृहस्थ त्याच दांडीला धरून पाय हलवत असत. हे त्यांच्याशी बोलायला लागले, आणि बोलायचं म्हणजे हात आलेच. हे माणसाला मागून ओळखतात, केसांवरून. चेहरा विचाराल तर सख्ख्या मेव्हण्याचाही सांगता येणार नाही. आणि तलावात सगळी डोकी रबरी टोप्यांत. त्यामुळे यांच्या लेखी तो परका माणूस, म्हणजे मन मोकळं करायला हक्काची जागा.

"मी न्हावी आहे, पण कुणाला सांगू नका," हे म्हणाले.

"नाही सांगत," निळी टोपी पुटपुटली आणि तोंड फिरवून पाय हलवू लागली.

"आमच्यासमोर एक दुकान आहे. तिथे केस कापत नाहीत हो, कुरतडतात! परवा तिथून एक माणूस बाहेर पडताना लांबून पाहिला. मागून असं, इथून असं..."

"दांडी!" मी ओरडले.

"...आणि वरून असं!" 'वरून'साठी यांना दोन्ही हात लागले. त्यातच डावा पाय मागे गेलेला, तोही जोरात, तोही कमरेतून. क्षणात हे दिसेनासे झाले. पाण्यावर फक्त दोन बोटं उरली, तीसुद्धा कात्रीसारखी चालत होती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी चपलांसकट पायऱ्या उतरले. पण निळ्या टोपीवाल्याने तोवर एका हाताने दांडी घट्ट धरून दुसऱ्या हाताने यांना काखेत धरलं आणि वर काढलं. बाई शिट्टी वाजवत धावत आल्या. हे खोकत, शिंकत वर आले आणि आधार म्हणून जे हाताला लागलं ते धरलं. ती निळी टोपी होती. ती फटकन निघून आली.

हे खोकायचे थांबले. त्या डोक्याकडे पाहतच राहिले. डोक्यावर दोन भोवरे होते, आणि भोवतालचे केस उंदराने खाल्ल्यासारखे.

"दोनभोवरे! तुम्ही?"

दोनभोवरे म्हणजे यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्या डोक्याची कीर्ती मी ताटावर बसल्या बसल्या किती ऐकली असेल!

"मी तुम्हाला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," दोनभोवरे खाली बघत म्हणाले. "पण कुठल्या तोंडाने बोलणार? तुम्ही लग्नाला गेलेले, केस कानावर आलेले. गेलो समोर."

"परवाचा तो माणूस..."

"मीच." मग त्यांनी हळूच मान वर केली. "आणि भाऊ, तुमचं लग्न इथे तलावात आहे होय?"

दोघांचंही पितळ उघडं पडलं. भांडावं तर आधी कुणी, हे ठरेना. शेवटी बाईच ओरडल्या, "दोघांनीही दांडी धरा!" दोघांनी मुकाट्याने धरली. त्या दिवसापासून हे शहाण्यासारखे एका हाताने बोलायला शिकले. दोनभोवऱ्यांनी कुणाला सांगितलं नाही, उलट पाय मागे जरा जोरात गेला की तेच यांना दटावायचे.

दोनेक महिने असे गेले. मग एक दिवस डॉक्टरांनी पाय तपासला आणि म्हणाले, "उघडा दुकान. फक्त तलाव सोडू नका."

उघडायच्या दिवशी मीही गेले. पहिले दोनभोवरे. यांनी कापड गुंडाळलं, उजव्या हातात कात्री घेतली, आणि डावा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला तो तिथेच. बोटं पांढरी पडली होती. रस्त्यापलीकडची गाणी ऐकू येत होती. नुसती कात्री घेऊन हे उभे.

मला कळलं. इतके दिवस मीच तो हात तिथे चिकटवला होता.

"अहो," मी म्हटलं, "सोडा आता."

"पडलो तर?"

"मी लक्ष ठेवतेय ना. सोडा."

एकेक बोट सुटलं. यांनी कंगवा उचलला. पाय जागचा हलला नाही.

दोनभोवऱ्यांनी मात्र खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले. आरशात बघत म्हणाले, "मग, लग्न कसं झालं?"

"काय विचारता!" हे म्हणाले, आणि दोन्ही हात हवेत गेले. "मांडव असा! माणसं इथून तिथपर्यंत!"

मी काही ओरडले नाही.