नादगुरूंची चांदीची तार

गाणी ऐकायच्या यंत्रांच्या दुकानात, आतल्या खोलीत वीसेक माणसं डोळे मिटून बसली होती. त्यांत एक वकील होते, एक प्राध्यापक होते आणि माझा थोरला भाऊही होता, दातांचा डॉक्टर. समोर दोन उंच स्पीकर, त्यांना जोडायच्या तारा आणि मधोमध दुकानाचे मालक. त्यांना सगळे नादगुरू म्हणत.

"ही साधी तार," म्हणत त्यांनी गाण्याचा तुकडा वाजवला. "आणि ही चांदीची. शांत खोलीत मुरवलेली. तारेलाही मन असतं, मंडळी."

तार बदलून तोच तुकडा पुन्हा वाजला. खोलीभर उसासे निघाले. प्राध्यापकांनी डोळे टिपले. मी मात्र कोरडाच राहिलो.

"तुझा कान अजून तयार नाही," दादाने माझी कीव केली.

दादाकडे यंत्रं येत आणि जात. नव्या यंत्राचा आनंद ओसरला, की 'काहीतरी कमी आहे' सुरू. तो ऐकायला बसला की घरात बोलायची बंदी. वहिनी भांडीसुद्धा चोरासारखी ठेवायची.

वहिनी मानसोपचारतज्ज्ञ. त्या दिवशी तीही आली होती आणि तिने डोळे मिटले नव्हते.

"तार बदलताना अंगठा रिमोटवर कशाला?" तिने विचारलं.

"हाताची सवय, मॅडम."

"मग रिमोट माझ्याकडे द्या. आवाज आहे तिथेच राहील. तारा मी पडद्याआड बदलते."

भक्त बघत होते, नादगुरूंना नाही म्हणायची सोय उरली नव्हती. पडद्यामागून वहिनी पुकारत गेली, "आता साधी, आता चांदीची." चांदीचं नाव निघालं की प्राध्यापकांना गाण्यात खोली सापडे, दादाला प्राण.

मग तिने पडदा सरकवला. साधी तार जागच्या जागी होती.

"सुरुवातीला साधी जोडली, मग मी काहीच बदललं नाही. मघाशी यांनी चांदीच्या वेळी आवाज कणभर वाढवला. कणभर वाढलेला आवाज मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. आत्ता तर तेवढंही लागलं नाही, नावावरच भागलं."

"श्रद्धेशिवाय नाद उमगत नाही," नादगुरू म्हणाले.

"मग श्रद्धाच विका की. तार कशाला?" वकील म्हणाले.

परतताना आम्ही गाडीत बसलो. दादा म्हणाला, "मला खरंच ऐकू आलं होतं."

"आलंच असणार. मला वाटतं, तू गेलेल्या आईंचा आवाज शोधतोयस. शिवणयंत्रावर बसून त्या गुणगुणायच्या, तो कुठेच टेप केलेला नाही. माणसाचं हरवतं एक आणि तो शोधतो भलतंच. हाती आलं की 'हे नव्हे' म्हणतो आणि पुढच्याच्या मागे लागतो."

"हे तरी तसं तपासून दाखवता येईल?"

"नाही. म्हणून पटलं तरच घे."

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. "एका जागी तिचा सूर दरवेळी चुकायचा," तो म्हणाला आणि हळूच गुणगुणू लागला. त्या जागी त्याचाही चुकला.

गाणं जरूर ऐका, चांगली यंत्रंही घ्या. पण कुणी चमत्कार दाखवू लागला, तर एवढंच म्हणा: कुठली वस्तू जोडली आहे ते न सांगता पुन्हा दाखवा. खरं असेल ते नाव न घेताही टिकतं.