एकाकी वृद्धांसाठी सायकलवरून

दाताच्या डॉक्टरांपुढे माणूस तोंड उघडतो ते बोलायला नव्हे, आणि आमच्या या डॉक्टरांनी त्या गोष्टीचा वर्षभर पुरेपूर फायदा घेतला. पेशंट खुर्चीत आडवा झाला, गालात कापूस गेला, लाळ ओढणारी नळी ओठाला अडकली, की ते सहज विचारल्यासारखं विचारत, "मी परदेशात सायकल चालवायला जातोय, कळलं का तुम्हाला? एकाकी वृद्धांसाठी निधी गोळा करतोय." पेशंट 'आं' म्हणे. डॉक्टर त्याचा अर्थ होकार असा लावत आणि दाराकडे तोंड करून बायकोला हाक देत, "यांचंही नाव घे गं." बाहेर काउंटरवर बायको बिलाबरोबर देणगीची पावतीही फाडे. अर्धं तोंड बधिर झालेल्या माणसाला हुज्जत घालता येत नाही. तो ओठ सावरत, मुकाट्याने पैसे काढत असे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

डॉक्टरांना या नादाला लावलं ते कॅप्टननी. कॅप्टन म्हणजे मोटारींच्या शोरूमचे मालक. सैन्याशी त्यांचा संबंध एवढाच, की ते सगळ्यांच्या पुढे सायकल चालवत आणि मागे वळून ओरडत. त्यांचा पंधरा-वीस जणांचा गट दरवर्षी परदेशात जाई आणि दरवर्षी कुणाचं तरी भलं करून येई. एका वर्षी अंध मुलांचं केलं, एका वर्षी समुद्रातल्या कासवांचं. यंदा ज्या देशात जायचं ठरलं तिथे रस्ते गुळगुळीत होते, चढ बेताचे होते आणि वाटेत एक वृद्धाश्रम होता, म्हणून यंदा वृद्ध. गोळा झालेल्या निधीतून आधी हॉटेलं, विमान आणि मागून येणारी गाडी यांचा खर्च निघे, उरलंसुरलं वृद्धांना. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, पण भाजणाऱ्याने उपाशी का राहावं, असा कॅप्टनचा रोकडा विचार होता.

डॉक्टरांनी मोठ्या हौसेने सायकल घेतली. ती इतकी हलकी होती की एका बोटावर उचलता येई, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ती उचलायला लावत. पन्नाशी उलटलेल्या देहावर त्यांनी घट्ट पिवळा शर्ट चढवला. त्यात ते कसे दिसतात हे बायकोने एकदाच, नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती आमटी ढवळायला गेली.

डॉक्टरांना आई होती, हेही सांगायला हवं. ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेले, कान जरा कमी. ती डॉक्टरांच्या धाकट्या बहिणीकडे राही. बहीण सार्वजनिक वाचनालयात काम करायची, लग्न केलेलं नव्हतं, आणि दोघींचं बिऱ्हाड शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. डॉक्टर म्हणत, मला तिथे जायला वेळच होत नाही. आठवडाभर दवाखाना आणि रविवारी सराव. सरावाला ते शहराबाहेर पार धरणापर्यंत जाऊन येत. बहिणीचं घर त्या वाटेवर नव्हतं.

जायच्या आधी त्यांनी बहिणीला फोन करून आईचा एक फोटो मागवला. निधीच्या फलकावर लावायचा होता. खिडकीशी एकटी बसलेली, जरा उदास, असा हवा म्हणाले. बहिणीने जो पाठवला त्यात आई शेजारणींबरोबर पत्ते खेळत होती आणि डाव जिंकल्यामुळे तिचं बोळकं कानापर्यंत पसरलं होतं. हा कामाचा नाही, असं डॉक्टरांनी कळवलं. आईला बिचारीला उदास बसायला जमलं नाही, असं बहिणीने उलट कळवलं.

परदेशातली हकिगत डॉक्टर पुढे वर्षभर सांगत राहिले, पण त्यातली निम्मी त्यांनी गाडीच्या काचेतून पाहिलेली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांना बसता येईना. खोगीर म्हणून जी पट्टी होती तिने अशा जागी सालटं काढली, की ती कॅप्टनलाही दाखवता येईनात. मग ते मागच्या गाडीत कुशीवर पडून प्रवास करू लागले. मुक्कामाचं गाव जवळ आलं की उतरत, सायकल काढून घेत, तोंडावर बाटलीतलं पाणी शिंपडत आणि दोन्ही हात वर करून गावात शिरत. फोटो छान येत.

वृद्धाश्रमात ते पोहोचले तेव्हा तिथले लोक जेवून झोपले होते. व्यवस्थापिका म्हणाली, तासाभराने उठतील. पण पुढच्या हॉटेलवर सगळ्यांचं मालिश ठरलेलं होतं. तेवढ्यात अंगणात बाकावर बसलेली एक सुरकुतलेली, पांढऱ्या केसांची बाई दिसली आणि सगळ्यांनी आळीपाळीने तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतले. डॉक्टरांनी तर तिचा हात हातात घेऊन डोळे ओले केले. बाई गोंधळून हसत राहिली. ती तिथली स्वयंपाकीण होती, भांडी आवरून घटकाभर टेकली होती. हे निघताना कळलं, पण फोटो इतके चांगले आले होते की कुणी त्याची वाच्यता केली नाही.

परतल्यावर मोठ्या सभागृहात सत्कार झाला. मागच्या पडद्यावर डॉक्टर आणि स्वयंपाकीण. बहीणही आली होती, आईला टॅक्सीने घेऊन. मागच्या रांगेत बसली होती. डॉक्टर बोलायला उभे राहिले आणि चांगलेच रंगात आले. प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी असं निघावं, म्हणाले. घरच्या अडचणी कुणाला नसतात? पण अडचणींना कवटाळून बसलं तर जगातल्या वृद्धांकडे बघणार कोण? टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचं हेच वाक्य चौकटीत छापून आलं.

त्याच आठवड्यात बहीण घरी आली. चहा पिऊन झाल्यावर कप खाली ठेवत म्हणाली, "दादा, पुढच्या फेरीसाठी मी नाव दिलंय."

"कुठल्या फेरीसाठी?"

"तुमच्या सायकलच्या. कॅप्टन म्हणाले, डॉक्टरांच्या बहिणीला नाही कोण म्हणणार."

डॉक्टर हसले. तुला झेपणार नाही, सायकल चालवणं म्हणजे गंमत नाही, त्याला तयारी लागते, असं त्यांनी मोठ्या भावाच्या मायेने समजावलं. बहीण वाचनालयात जायला लागल्यापासून रोज सायकलनेच जात होती, येताना हँडलला भाजीची पिशवी आणि आईची औषधं लटकवून. पण तिला हेल्मेट नव्हतं आणि पिवळा शर्ट नव्हता, म्हणून ते सायकलिंग आहे हे डॉक्टरांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"आणि आईचं काय?" त्यांनी विचारलं.

"तेच सांगायला आले. आई तुझ्याकडे राहील."

डॉक्टरांची दातखीळ बसली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोंब मारायची कुणाच्या नावाने? नाही म्हणावं तर चौकटीतलं वाक्य आडवं येत होतं. त्यांनी आशेने बायकोकडे पाहिलं. अशा वेळी बायका काहीतरी अडचण काढतात, अशी त्यांची समजूत होती.

"येऊ देत की," बायको म्हणाली. "फक्त त्या खोलीतलं तुमचं व्यायामाचं मशीन हलवावं लागेल."

वर्ष सरलं, बहीण विमानात बसली आणि आई दादाच्या घरी आली. ती पहाटे उठे आणि रेडिओ मोठ्याने लावी, कारण बारीक आवाजातलं तिला ऐकू येत नसे. नऊला तिला अंघोळीला कुणीतरी आधार द्यावा लागे, आणि नवरा-बायको दोघंही तेव्हा दवाखान्यात निघालेले असत. दोन दिवस ओढाताण झाली. तिसऱ्या दिवशी बायकोने सरळ तोडगा काढला: सासूबाईंची अंघोळ आठलाच उरकून त्यांना गाडीत घातलं आणि दवाखान्यात, पेशंटांच्या बाकावर नेऊन बसवलं.

आई खूश झाली. इतकी माणसं, आणि सगळी आपापल्या दुखण्यामुळे जागची न हलणारी! ती प्रत्येकाची चौकशी करू लागली. मग लोकही तिची करू लागले. आतल्या खोलीत डॉक्टर एका बँकेच्या मॅनेजरच्या दाढेत डोकावत होते. दार उघडंच होतं, आणि आई कानाने अधू असल्यामुळे तिच्याशी बोलणारे सगळे मोठ्याने बोलत होते.

"आजी, तुम्ही कुणाकडे आलात?" एका बाईने विचारलं.

"मुलाकडे. हे डॉक्टर माझा मुलगा."

"हो का! मग आधी कुठे असायचात?"

"लेकीकडे. मुलाकडे राहायला पहिल्यांदाच आले. त्याला यायला-न्यायला जमत नाही, लांब पडतं ना."

"कुठे असते लेक?"

"इथेच की. याच शहरात."

आईच्या स्वरात तक्रार नावालाही नव्हती. तीच तर पंचाईत होती. त्या बाकावर बसलेल्या बहुतेकांनी गेल्या वर्षी एकाकी वृद्धांसाठी पावत्या फाडून घेतल्या होत्या, आणि आता तशीच एक वृद्धा त्यांच्या शेजारी बसून लिमलेटची गोळी चघळत होती.

मॅनेजरलाही सगळं ऐकू गेलं होतं. त्याचं तोंड अजून बधिर केलेलं नव्हतं.

"डॉक्टर," तो छताकडे बघत म्हणाला, "तुम्ही तिकडे नक्की कुणाच्या वृद्धांसाठी गेला होतात?"

डॉक्टरांनी लगबगीने त्याच्या गालात कापूस कोंबला. नेहमीपेक्षा जरा जास्तच.

त्या दिवसापासून दवाखान्यात देणगीचा विषय निघाला नाही. बायकोने पावतीपुस्तक न विचारता खणात टाकलं. बहिणीचे फोटो मात्र येत होते. कॅप्टननी कळवलं, की बाई कमाल करते, मागच्या गाडीला एकदाही हात लावलेला नाही. शेवटचा टप्पा झाल्यावर तिचा फोन आला. गटातल्या दोघी बायकांबरोबर ती आणखी काही दिवस पुढे जाणार होती, समुद्राकाठाने.

"आता कुणासाठी?" डॉक्टरांनी विचारलं. आवाजात नाही म्हटलं तरी कडवटपणा होता.

"कुणासाठी नाही," ती म्हणाली. "मला जायचंय म्हणून."

आईला हे सांगितलं तर तिला आश्चर्य वाटलं नाही. जाऊ दे पोरीला, म्हणाली, आणि तसं असेल तर माझी खुर्ची तेवढी घेऊन ये, तुमच्या सोफ्यात माझी कंबर मोडते.

डॉक्टर बहिणीच्या घरी गेले. तीन मजले चढताना त्यांना दोनदा कठड्याला धरून थांबावं लागलं. कुलूप उघडताना शेजारच्या बाईने दार किलकिलं करून, कोण हवंय म्हणून विचारलं. मी मुलगा, म्हटल्यावर तिने त्यांना निरखून पाहिलं आणि आजींना मुलगाही आहे का, असं म्हणून किल्ली कुठून मिळाली तेही विचारलं. खुर्ची जुनी, लाकडी आणि चांगलीच जड होती. ती डोक्यावर घेऊन जिना उतरताना त्यांचा घाम डोळ्यात गेला आणि भिंतीचा थोडा रंगही निघाला.

घरी आणून त्यांनी ती आईपुढे ठेवली. आईने चष्मा लावला, खुर्चीच्या हातांवरून बोटं फिरवली.

"ही नाही रे," ती म्हणाली. "हिच्यावर तर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो. माझी स्वयंपाकघरात आहे, वेताची."

खिशात किल्ली आहे ना हे चाचपून डॉक्टरांनी पुन्हा चपला घातल्या.