गाद्यांची राखण

गादीचं एक टोक धाकटीच्या हातात होतं, दुसरं थोरलीच्या, आणि सोडायला दोघींपैकी कुणीच तयार नव्हती.

"भिंतीला टेकवायला गादी?" थोरली म्हणाली. "उद्या पंख्याला रजई बांधशील."

"जाऊबाई, खोली रिकामी आहे म्हणून आवाज घुमतो. गालिचा तुमच्याकडे, पडदे तुमच्याकडे, कपाट तुमच्याकडे. माझ्या वाट्याला भिंती."

"कॉम्प्युटर कुणी मागून घेतला? झोप आता त्याच्यावर."

वाटणी होऊन चुली वेगळ्या झाल्या, तरी दारं समोरासमोरच राहिली होती. धाकटीला एका कंपनीसाठी कादंबरी वाचून रेकॉर्ड करायचं काम मिळालं होतं. घरात बसून, कुणाचं तोंड न पाहता करता येईल असं हे तिला मिळालेलं पहिलंच काम. पण पहिलं प्रकरण परत आलं. आवाज विहिरीतून येतो म्हणे. तिने कॉम्प्युटरवरचं घुमणं काढायचं बटण दाबलं, तर घुमण्याबरोबर आवाजही गेला; 'स' आणि 'श' बुडाले, वाक्यांची शेपटं तुटली. रोग गेला, रोगीही गेला.

"ते बटण बंद करा, मॅडम," कंपनीचा ध्वनितंत्रज्ञ फोनवर म्हणाला होता. "माईक तोंडाजवळ घ्या आणि खोलीत कापड भरा. पुन्हा असंच आलं तर पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

शेवटी थोरलीने दोन गाद्या आणि एक रजई दिली, पण अटीवर. वाचन चालू असेल तोवर ती खोलीत बसणार. "तुझा काय भरवसा? चहा सांडशील."

दोन भिंतींना गाद्या लागल्या, रजई जमिनीवर पसरली. माईकसमोरच्या उघड्या भिंतीला पाठ लावून, जाड शाल गुंडाळून थोरली रोज बसू लागली, चेहरा कारलं खाल्ल्यासारखा.

"बाई मूर्ख आहे ही," एकदा ती कादंबरीतल्या नायिकेबद्दल मध्येच म्हणाली.

"बोलू नका, रेकॉर्ड होतंय."

"होऊ दे. लोकांनाही कळू दे."

प्रकरणं मात्र पास होत गेली. मग एके दिवशी फाटक कुणी उघडं टाकलं यावरून दोघींची जुंपली, आणि धाकटी म्हणाली, "उद्यापासून येऊ नका. तुमच्या गाद्यांना काही पाय फुटत नाहीत."

थोरली आली नाही. धाकटीने मोकळ्या मनाने अख्खं प्रकरण एका दमात वाचलं. संध्याकाळी फोन आला.

"मॅडम, खोली बदललीत का? पुन्हा घुमतंय."

"तोच माईक, त्याच गाद्या."

"मग काहीतरी हललंय. काहीतरी मोठं, मऊ."

धाकटीने उघड्या भिंतीकडे पाहिलं. "मऊ म्हणता येणार नाही," ती म्हणाली.

"जे असेल ते उद्या जागेवर ठेवा. नाहीतर माझा इलाज नाही."

फोन ठेवून ती त्या भिंतीपाशी गेली. उशा रचून पाहिल्या, दोनच होत्या. सकाळी तिने कात्री घेतली, रजईच्या कोपऱ्यातले टाके कापले आणि समोरचं दार वाजवलं.

"गाद्या परत करतेस?" थोरलीने विचारलं.

"नाही. रजई उसवलीये. येऊन बघा."

"सांगत नव्हते मी? सांगत नव्हते?" थोरली शाल ओढतच तिच्या मागून निघाली.

खोलीत येऊन तिने रजईचा कोपरा उचलला, उजेडाकडे धरला. दोऱ्याची टोकं सरळ, स्वच्छ कापलेली होती. तिने त्यांच्यावरून अंगठा फिरवला, मग धाकटीकडे पाहिलं. धाकटी माईकची वायर नीट करत होती. ती मघापासून नीटच होती.

"हलक्या हाताची नाहीसच तू," थोरली म्हणाली. "सुई-दोरा आण."

ती भिंतीला पाठ लावून बसली आणि कोपरा मांडीवर घेतला.

"वाच तुझं तू. मला वेळ लागणार आहे."

धाकटीने माईक जवळ ओढला, घसा साफ केला. थोरलीने चार टाके घातले, मान तिरकी करून ते पाहिले, उसवले, आणि पहिल्यापासून घालायला घेतले.