ताकदीचं दूध

भागीरथेनं नवऱ्याचं करण्यात कसूर केली, असं कोणी म्हटलं तर त्याच्या जिभेला हाड नाही असंच समजावं. पावसाळाभर ती बाई झिजली. पर्यटकांसाठी जंगल बंद होतं तेव्हा देवीदास बांधावरचा बांबू तोडायला गेला नि खुंट चपलेतून आरपार पायात घुसला. नागझिऱ्यातला गाइड तो. वाघाच्या पायाचे ठसे ओळखण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या पायाकडे पाहायला मात्र सवड नाही! हळद भरून बसला. अंगठा सुजला, पू हाडापर्यंत गेला, तेव्हा कुठं तिरोड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे उचलून न्यावा लागला.

बाईंनी गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ, बरेच दिवस चालणाऱ्या. म्हणाल्या, "ह्यानं हाडातला पू हटला तर ठीक. नाहीतर गोंदियाला नेऊन अंगठा काढावा लागेल."

अंगठा गेला तर जंगलातलं चालणं गेलं. घरी येईपर्यंत देवीदासनं बायकोचा हात सोडला नाही.

मग भागीरथेनं कंबर कसली. अशा गोळ्या गरम पडतात, दुधाशिवाय घेतल्या तर पोट जाळतात, हे तिला आईनं सांगितलेलं. त्यात पुण्याला कंपनीत असलेल्या राजदीपनं बापासाठी ताकदीच्या पावडरीचा डबा पाठवला. झालं! रोज दोन्ही वेळा यादोरावच्या गोठ्यावरून दूध आणायचं, तापवायचं, दोन चमचे पावडर घोटायची आणि गोळी हातावर ठेवून तो पेला रिकामा होईपर्यंत समोर उभं राहायचं. देवीदास तोंड वाकडं करायचा.

"हे दूध नको देऊ ना वो, मळमळते."

"काऊन नको? पोरानं एवढ्या दुरून पाठवला. प्या मुकाट्यानं!"

मधेच आमगावला तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. जाऊन दोन-तीन आठवडे राहणं भाग होतं. मागे देवीदासच्या मोठ्या बहिणीला, सुशिलाबाईला बोलावून घेतलं. सुशिलाबाई म्हणजे बसल्या जागेवरून जगाचा कारभार पाहणारी बाई. गोळ्यांचं पाकीट नि पाण्याचा तांब्या तिनं भावाच्या उशाशी ठेवला आणि सांगितलं, "घे तुझ्या हातानं." दूध नाही, पावडर नाही, काही नाही.

आणि पाय उतरला! भागीरथा परत आली तर सूज बसलेली, पू आटलेला, डॉक्टरीणबाईही पाय पाहून खूश. सुशिलाबाई गावभर सांगत सुटली, "माझ्या हातचा पानीच गुनाचा. हे भागीरथा नुसती दूध पाजते."

भागीरथेच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नणंदेपुढं बोलणार काय? तिनं पदर खोचला नि पुन्हा दुधाला लागली. पहिल्यापेक्षा जास्त नेटानं, चमचाभर पावडर वाढवून. पाहता पाहता अंगठा परत सुजला. रात्रीचा ठणका सुरू झाला. ती शेजारी पडून ऐकायची आणि मनात एकच यायचं, माझाच हात वाईट आहे का? मी नसले तर हा माणूस बरा होतो का? असं कोणाला विचारावं तरी कसं!

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई पाय पाहून चिडल्याच. "मागच्या वेळी इतका सुधारला होता. गोळ्या खाऊन राहिले का फेकून राहिले?"

तेव्हा भागीरथेचा बांध फुटला. "फेकन कसा बाई? मी माह्या हातानं देतो. दुधात ताकदीची पावडर घोटून, पेला खाली होईपर्यंत उभी राहतो!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "रोज? गोळीसोबतच?"

"मंग? गोळी गरम असते ना."

बाई सावकाश बोलल्या. पावडरीत लोह असतं, कॅल्शियम असतं. दुधातही कॅल्शियम. ही गोळी पोटात त्यालाच चिकटून बसते, रक्तात नीट उतरत नाही, मग पायापर्यंत जाणार काय? सगळ्याच गोळ्यांचं असं नसतं, पण हिचं आहे. "चूक माझीही आहे, मी आधीच विचारायला पाहिजे होतं. आता गोळी साध्या पाण्यासोबत. कोर्स होईपर्यंत पावडर बंद. आणि पुढं कधीही गोळ्या चालू असताना असं काही द्यायचं असलं तर आधी विचारा."

भागीरथा घरी आली ती भिंतीला टेकून बसली. इतक्या दिवसांची पायपीट, चूल, धूर, आणि सगळं त्या बिचाऱ्या पायाच्या मुळावर. आळशी नणंदेचा तांब्या खरा ठरला! ती रडली, पण रडायलाही फार जोर उरला नव्हता. संध्याकाळी तिनं गोळी दिली, पाणी दिलं आणि मग करायला काहीच राहिलं नाही.

जंगल उघडायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी पायाचा नवा एक्स-रे पाहिला नि सांगितलं, "गोंदियाला जायचं काम नाही."

सुशिलाबाईचा फोन आलाच. "मी म्हनलो होतो ना?"

"हो बाई, तुमचाच पानी गुनाचा," भागीरथा म्हणाली. भांडायला अंगात जीव पाहिजे ना!

फोन ठेवून ती वळली तर देवीदास लंगडत चुलीपाशी गेलेला. दूध तापवून त्यानं त्यात दोन चमचे पावडर घोटली आणि पेला तिच्या हातात दिला.

"मले कायले?"

"मले मनाई आहे. तुले कोणती गोळी चालू आहे?" आणि पेला रिकामा होईपर्यंत तो समोर उभा राहिला.

इतक्या दिवसांत तिनं ते एकदाही चाखलं नव्हतं. पहिल्याच घोटाला तिचं तोंड वाकडं झालं.

"काऊन, प्या ना मुकाट्यानं," देवीदास म्हणाला.