घरचे की बाहेरचे

साडू हे नातं ज्या कोणी काढलं त्याला एकदा गाठून विचारायचंय मला, की बाबा रे, तुला दुसरा उद्योग नव्हता का? ना भाऊ, ना मित्र, ना शेजारी. आपण आपल्या पसंतीने बायको करावी, तर तिच्या बहिणीच्या पसंतीचा माणूसही फुकट गळ्यात पडतो. आणि माझ्या गळ्यात पडला तो तर नमुनाच. इतका चांगला, की शिव्या द्यायलासुद्धा जागा ठेवत नाही.

या परक्या देशात आधी आलो मी. साडू माझ्या मागून दोन वर्षांनी आले, तेव्हा त्यांच्या बॅगा बसस्टॉपपासून चौथ्या मजल्यापर्यंत मी वाहिल्यात. आज त्यांना इथली भाषा घडाघडा येते, औषधांच्या कंपनीत नोकरी आहे, राहायचा कायमचा परवाना आहे आणि दारात गाडी. मी लिफ्ट दुरुस्त करतो आणि दरवर्षी परवान्याची मुदत वाढवून घ्यायला रांगेत उभा राहतो. त्यात ते थोरल्या बहिणीचे नवरे, म्हणून नात्याने मोठे. जळायचं, आणि वर 'तुम्ही' म्हणून हसायचं.

मार्चमध्ये माझ्या बायकोला नोकरी लागली. ती मुळात नर्स. इथल्या परीक्षा देता देता दोन वर्षं घासली बिचारी. स्वयंपाकघरात ओट्यावर वही उघडी ठेवून शब्द पाठ करायची. शेवटी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली. ड्यूटी सकाळी पावणेसातची आणि तिकडे जाणारी पहिली बस आठची.

"गाडी घेऊ," मी म्हणालो. हे वाक्य चार वर्षं तोंडात घोळवत होतो मी.

एका रिटायर्ड शिक्षिकाबाईंची जुनी गाडी मिळाली. अकरा वर्षं वापरलेली, छोटी, करड्या रंगाची. मी बॉनेट उघडलं, ऑइल बघितलं, खाली आडवा होऊन गंज तपासला, क्लच दाबून पाहिला. शर्टाची पाठ चिखलाने भरली. साडू दुभाषे म्हणून आले होते, ते नुसते बाईंशी गप्पा मारत उभे. आणि बाईंनी काय करावं? सगळं ठरल्यावर गाडीची किल्ली दाखवायला म्हणून साडूंच्या हातात दिली! त्यांनी लगेच माझ्याकडे दिली म्हणा. पण दिली त्यांनी. माझी किल्ली मला त्यांच्या हातून मिळाली. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"भावोजी होते म्हणून झालं हो," बायको घरी म्हणाली. झालं! चिखलात मी लोळलो आणि जमवलं भावोजींनी.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. गाडी नावावर करायला मी, साडू आणि शिक्षिकाबाई असे तिघं ऑफिसात गेलो. शिक्षिकाबाईंनी आधीच बजावलं होतं, की आज झालं तर ठीक, नाहीतर सोमवारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. आमचा नंबर आला. काचेपलीकडच्या बाईने माझा परवाना उलटापालटा केला आणि मान हलवली. मुदत सात महिन्यांची उरलेली, गाडीसाठी निदान एक वर्ष हवी.

साडू पुढे झाले. काहीतरी बोलले, ती हसली. तीसुद्धा हसली! मग मला म्हणाले, "काही अडचण नाही. कायमचा परवाना असलेल्या कोणीतरी हमी द्यायची. मी सही करतो. घरचा माणूस असेल तर इथल्या इथे होतं. बाहेरचा असेल तर हमीपत्र वकिलाकडून करून आणावं लागतं, त्याला तीन आठवडे."

बाईने साडूंना नातं विचारलं. आता साडूला यांच्या भाषेत शब्दच नाही. त्यांनी बोटांनी समजावलं: ही यांची बायको, ही तिची बहीण, हा मी. बाई गोंधळली. फॉर्मवर दोनच चौकटी होत्या. तिने पेन उचललं आणि थेट मलाच विचारलं, अगदी सावकाश, मला कळेल असं, "हे तुमच्या घरचे, की बाहेरचे?"

नुसती मान हलवायची होती हो. पण साडू शेजारी उभे होते, ती सभ्य मान तिरपी करून, सही करायला खिशातलं पेन काढून. मला दिसलं, की आता ही गाडीसुद्धा जन्मभर 'भावोजी होते म्हणून'ची होणार.

"बाहेरचे," मी म्हणालो.

तो शब्द मला त्या भाषेत अगदी शुद्ध येतो. आमच्या सगळ्यांच्या परवान्यांवर मोठ्या अक्षरांत तोच छापलेला असतो.

बाईने चौकटीत फुली मारली. साडूंनी पेन खिशात ठेवलं.

सोमवारी गाडी दुसऱ्याची झाली. आणि सोमवारीच, बायकोच्या कामाच्या पहिल्या दिवशी, सकाळी सहाला साडूंची गाडी आमच्या दाराशी. "तुमचं काही ठरेपर्यंत मी सोडतो हिला, माझ्या वाटेवरच आहे," म्हणाले. कसली वाट! त्यांची कंपनी दुसऱ्या टोकाला आहे. बायको पुढच्या सीटवर बसली आणि गाडी वळेपर्यंत तिचं हसणं मला वर खिडकीत ऐकू येत होतं. म्हटलं, भोगा आता.

आठवडाभर हेच चाललं. रविवारी संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "त्या ऑफिसात नेमकं काय झालं हो?"

"सांगितलं ना. नियम आडवा आला."

"भावोजीही अगदी हेच म्हणाले. याच शब्दांत. तुम्ही दोघं इतके एकमताचे कधीपासून झालात?"

आता मात्र मला राहवलं नाही. म्हणजे तो माणूस मला पाठीशी घालत होता! त्याच्या उपकाराखाली आणखी एक आठवडा काढण्यापेक्षा मी सगळं ओकून टाकलं. किल्ली, चौकटी, बाहेरचे, सगळं. जळतो मी त्यांच्यावर, हेही सांगितलं. वाटलं, भांडेल, टाकून बोलेल, मग निदान मोकळं होईल.

ती भांडली नाही. मेथीची एक काडी हातात तशीच धरून बसली.

"मला कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "आठवडाभर मी त्यांच्याशी घरच्यासारखी बोलतेय. उद्या कुठल्या तोंडाने बसू त्यांच्या गाडीत? आणि बसायला तर हवंच. माझी नोकरी आहे."

सोमवारी सहाला हॉर्न वाजला. मी खिडकीत आलो. साडूंनी आतून पुढचं दार उघडून धरलं होतं. बायकोने ते हळूच लोटून लावलं, मागचं दार उघडलं आणि मांडीवर पिशवी घेऊन अंग चोरून मागे बसली. साडूंनी एकदा वर माझ्याकडे बघितलं. गाडी वळेपर्यंत आतून कुणाचाच आवाज आला नाही.