झारीची सात बंद छिद्रं

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात, एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, तुळस आणि दोन मोगऱ्यांच्या मधे माझी जागा आहे. माझा कान थोडा चेपलेला आहे आणि बुडाला डांबराचं ठिगळ आहे. माझ्या तोंडावर चाळणीसारखी एक गोल टोपी बसवलेली आहे, तिची सात छिद्रं कायमची बंद झाली आहेत. मित्रांनो, माझी सगळी गोष्ट त्या सात छिद्रांपाशीच येऊन थांबते, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म वसईच्या बाजारात झाला. पीटर नावाचे म्हातारे कारागीर तिथे पत्र्याचे डबे आणि नरसाळी बनवत. त्यांनी माझं पोट वळवलं, नळी जोडली आणि टोपीला एकेक करून छिद्रं पाडली. खिळा, हातोडी, ठक. खिळा, हातोडी, ठक. मला विकत घ्यायला आलेल्या मालनबाई समोरच उभ्या होत्या. "अजून किती वेळ, पीटरभाऊ?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

"एक्केचाळीस झाली," पीटरभाऊ म्हणाले. "बेचाळिसाव्याला जागा नाय. नायतर तुमची रात्र इथंच झाली असती."

मालनबाईंची राजोडीजवळ फुलांची आणि भाजीची वाडी होती. मी तिथे नव्या रोपांना पाणी घालत असे. बादलीनं पाणी टाकलं की मातीत खड्डा पडतो आणि कोवळं रोप आडवं होतं. माझं पाणी मात्र एक्केचाळीस धारांनी अलगद पडायचं. मालनबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत, "हिचं पानी पडलं ना, की धूळ सुद्धा जागची उठत नाय." त्यांचा मुलगा प्रणव उन्हाळ्यात माझ्याखाली बसून आंघोळ करी. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग वाडीत ठिबकच्या काळ्या नळ्या आल्या आणि मला खोपटातल्या खुंटीवर टांगलं. किती वर्षं गेली, मला सांगता येणार नाही. माझ्या पोटात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं, पिल्लं वाढवली आणि निघूनही गेली. कुणी हात लावला नाही.

मला खाली काढलं ते हेमांगीनं. ती प्रणवची बायको, या घरची सून. तोवर प्रणव वाडी सोडून फ्लोरिंगच्या कामाला लागला होता. जुन्या लाद्या काढणं, नव्या बसवणं, वर प्लास्टिकची किंवा लाकडी पट्ट्यांची जमीन घालणं, हे त्याचं काम. त्याच्या हाताला सफाई होती. जमीन बसवून झाली की तो खिशातून एक गोटी काढून मधोमध ठेवी. गोटी जागची हलली नाही की मगच तो हसे. लग्नानंतर दोघं मनवेलपाड्यात राहायला आली. हेमांगी म्हणाली, "आई, गॅलरीत मोगरा लावीन म्हणते. ही झारी नेऊ?"

"ने की. खुंटीला तरी मोकळं वाटंल," मालनबाई म्हणाल्या.

तर मी इथे आले. पुढे त्यांची मुलगी पूर्वी जन्मली. आता ती चार वर्षांची आहे आणि मोगऱ्याला पाणी घालायचं काम तिचं आहे. मी अर्धीच भरलेली असते, तरी ती मला दोन्ही हातांनी धरते आणि जीभ बाहेर काढून चालते.

गॅलरीतून मला घराचं दार दिसतं. रोज संध्याकाळी तिथे एक खेळ चाले. जिन्यात प्रणवची पावलं वाजली की पूर्वी दाराआड लपे. तो आत आला की ती त्याच्या पायांना मिठी मारी. "पप्पा पांढरं भूत!" असं ओरडे. प्रणव खरंच पांढरा झालेला असे. भुवया पांढऱ्या, कान पांढरे. तो तिला उचलून गरगर फिरवी आणि खाली ठेवी. मग गॅलरीत येऊन शर्ट काढी आणि कठड्यावर फाड फाड झटकी. वारा आतल्या बाजूला असला की ती सगळी धूळ पडद्यावर, माझ्यावर आणि घरात जाई. पूर्वीच्या फ्रॉकच्या पाठीवर पप्पांच्या हाताचा पांढरा ठसा उठलेला असे. पाचही बोटं स्पष्ट.

पूर्वीला खोकला होता. संध्याकाळी सुरू व्हायचा आणि सकाळपर्यंत थांबायचा नाही. पोर झोपली की हेमांगी तिच्या छातीकडे बघत बसे. फ्रॉक वर जातोय, खाली येतोय. मधेच उठून नाकापुढे बोट धरी. डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात धूळ असते का?" हेमांगीनं ठासून सांगितलं होतं, "नाही हो. दिवसातून दोनदा पुसते मी." तिनं पंख्याची पाती पुसली, उशा उन्हात टाकल्या, कबुतरांसाठी जाळी लावून घेतली. एक दिवस तर तिचा माझ्यावरही संशय आला. माझा गंज तिनं काथ्यानं खसाखसा घासून काढला. सगळ्यांवर संशय घेऊन झाला. त्या शर्टावर मात्र तो कधी गेला नाही. बाप कामावरून घरी येतो, त्यात काय संशय घ्यायचा?

प्रणवलाही खोकला होता. कोरडा, ठसका लागल्यासारखा. जिना चढून आला की तो दाराशी थोडा थांबे. हेमांगीनं विचारलं की म्हणे, "हवा बदललीय. सगळ्यांनाच आहे."

आता माझ्या दुखण्याकडे येते.

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, म्हणून हेमांगी थेंबही वाया घालवत नाही. साबण लावण्याआधी ती प्रणवचे कामाचे कपडे साध्या पाण्यात भिजवी आणि ते गढूळ पाणी झाडांसाठी माझ्यात ओतून ठेवी. ते पाणी दुधासारखं दिसे. मी ते पोटात घेत राहिले. काही आठवड्यांनी मला जाणवलं की माझी धार बारीक होतेय. एक्केचाळीसची तीस झाली, तिसाची वीस. पूर्वी मला जास्त वाकवू लागली. मला आतून काहीतरी घट्ट धरत चाललं होतं, पण झारीला बोलता कुठे येतं?

एका रविवारी मालनबाई अळूची जुडी आणि केळी घेऊन आल्या. चहा होईपर्यंत त्या सवयीनं गॅलरीत गेल्या आणि मला उचलून मोगऱ्यावर धरलं. टिप, टिप, टिप. कशाबशा तीन धारा.

"अगो बाई! हिला काय झालं?"

"जुनी झाली असेल, आई," प्रणव आतून म्हणाला. "नवीन प्लास्टिकची आणू."

"जुनी? मी हिच्यातून शेनाचं पानी घातलं, राखेचं घातलं. कधी तुंबली नाय ही!" त्यांनी माझी टोपी पिळून काढली आणि उलटी करून कठड्यावर आपटली. काही पडलं नाही. मग सांडशीचं टोक घालून ओढलं. आतून एक पांढरी, गोल, पापडाएवढी चकती निघाली आणि लादीवर पडली. खण्ण आवाज झाला. ती फुटली नाही.

हेमांगी हातातला चहा घेऊन तशीच उभी राहिली. मग कप खाली ठेवून तिनं चकती उचलली, नखानं खरवडली.

"यात मी काय घालते ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "अहो, हे तुमच्या शर्टातलं आहे."

प्रणव उठून आला. त्यानं चकती हातात घेतली, अंगठा फिरवला. त्याला ओळखायला वेळ लागला नाही. लादी कापताना उडणारी पूड, सिमेंट, आणि लादी चिकटवायचं केमिकल.

"वा! शर्टातून आख्खी लादी काढलीत की," तो हसून म्हणाला. 

"तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकाला," हेमांगी हळूच म्हणाली. "एकदा धरलं की आयुष्यात सुटत नाही."

"अगं, मी तोंडाला रुमाल बांधतो."

"रुमाल!" मालनबाई म्हणाल्या. "सुंठीची वस्त्रगाळ पूड कशी करतात, बघितलंस ना लहानपनी? फडक्यातून जे खाली येतं तीच बारीक पूड. जाडी भरडी वर ऱ्हाते. म्हंजे तुझा रुमाल जाडी अडवतो, आनि बारीक सगळी गाळून तुला देतो."

 सुई घेऊन प्रणव गॅलरीत बसला आणि माझं एकेक छिद्र मोकळं करू लागला. पूर्वी शेजारी बसून मोजत होती. तिला वीसपर्यंतच येतं, म्हणून वीस झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करी. चौतीस छिद्रं उघडली. सात काही केल्या उघडेनात. दोन सुया मोडल्या. मधेच त्याला ठसका लागला आणि बराच वेळ थांबेना. हेमांगी त्याच्या पाठीकडे तशीच बघत राहिली, जशी ती पूर्वीच्या छातीकडे बघते.

"उद्या डॉक्टरकडे. दोघंही," ती म्हणाली. "आणि या वेळी मी खरं सांगणार."

प्रणवच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "आत बसलेली धूळ बाहेर काढता येत नाही. पण अजून फार नाही. यापुढे नवी जाऊ देऊ नका." पूर्वीबद्दल म्हणाले की आधी घरात येणारी धूळ थांबवा.

दुसऱ्या दिवशी प्रणवनं मला कामावर नेलं. सातिवलीच्या एका गोदामातलं ऑफिस होतं. त्याचा जोडीदार जॉयल मला बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय रे, फ्लोरिंग करायला आलास की गुलाब लावायला?"

"झाडू मारायच्या आधी पाणी शिंपडणार."

"आणि मशीनवर? शॉक लागून दोघं एकदमच वर जाऊ. बायका एकाच दिवशी तेरावं आणि चर्चची मिस्सा ठेवतील."

"मशीनवर कोण टाकतंय? जमिनीवर म्हटलं मी. सरळ काप हाताच्या कटरनं. मशीन लागलंच तर बाहेर, मोकळ्यावर, आणि हा मास्क." हेमांगीनं दिलेला जाड, नाकावर घट्ट बसणारा मास्क त्यानं जॉयललाही दिला.

"डुक्करासारखा दिसतोय मी," जॉयल म्हणाला. पण त्यानं तो काढला नाही. दुपारी झाडताना समोरची भिंत पहिल्यांदाच स्पष्ट दिसली, तेव्हा त्यानं मुकाट्यानं मला नळावर नेऊन भरून आणलं.

पुढचं काम वसईत मर्लिन आंटींकडे होतं. तळमजल्याचं घर. गेल्या पावसाळ्यात दोन दिवस पाणी आत होतं, आणि ओसरल्यावर त्यांनी ओल्याच लाद्यांवर छान नक्षीची प्लास्टिकची शीट टाकून घेतली होती. प्रणवनं कोपरा उचलला. खाली सगळं काळंहिरवं. तळघरासारखा कुबट वास आला. ती बुरशी होती. आधीचा प्रणव असता तर त्यानं पंखा लावून ती शीट फर्रकन ओढून काढली असती. या वेळी त्यानं पंखा बंद केला, घरात जाणारं दार लावलं आणि खिडक्या उघडल्या. मी हलकेच पाणी शिंपडलं, म्हणजे बुरशीची पूड उडणार नाही. मग शीट आतल्या बाजूला गुंडाळून खोलीतच पिशव्यांत बांधली. जमीन ओल्या फडक्यानं पुसून काढली आणि ती फडकीही पिशवीत गेली.

"झालं ना? आता नवीन टाक," मर्लिन आंटी म्हणाल्या. "संडेला नातवाचा बाप्तिस्मा आहे. बत्तीस माणसं येणार, बाबा."

"आंटी, जमीन ओली आहे अजून."

"कुठे ओली? हात लाव, सुकी खडखडीत आहे! नाही तर मी दुसऱ्याला बोलावते."

प्रणव घुटमळला. बऱ्याच दिवसांनी मोठं काम मिळालं होतं. मग त्यानं प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडांना चिकटपट्टी लावली. "उद्या तुम्हीच उघडून बघा. आत कोरडं असेल तर टाकतो."

दुसऱ्या सकाळी आंटींनी चष्मा लावून वाकून पाहिलं. प्लास्टिकच्या आतून थेंबच थेंब जमले होते, जसे भाताच्या झाकणाला जमतात. 

"पाळणा याच खोलीत ठेवणार होते मी," त्या म्हणाल्या.

बाप्तिस्म्याची पंगत बाहेर अंगणात बसली आणि पाळणा दुसऱ्या खोलीत गेला. भिंतीतून झिरपणारी ओल आधी बंद केली, जमीन सुकू दिली. प्लास्टिकखाली थेंब येईनासे झाले, तेव्हाच नवी फरशी बसली. मधोमध ठेवलेली गोटी हलली नाही. आंटींनी सगळ्यांसाठी बाप्तिस्म्याचा केक फ्रीजरमध्ये राखून ठेवला होता. जॉयलनं मलाही एक तुकडा दाखवला.

मित्रांनो, माझी सात छिद्रं अजून बंदच आहेत. माझं पाणी पडतं तेव्हा एका बाजूला कोरडी फट राहते. पूर्वीला ते ठाऊक आहे. ती मला थोडी फिरवते आणि राहिलेल्या जागी पुन्हा पाणी घालते. परवा तिनं आईला विचारलं, "पप्पांच्या आतली छिद्रं उघडतील?"

हेमांगीनं तिला जवळ ओढलं. "बंद झाली ती नाही उघडणार, राणी. उघडी आहेत ती मात्र आपण जपायची."

तुमच्याही घरी कुणीतरी असं पांढरं होऊन येत असेल. कुणी लादीचं काम करून, कुणी गिरणीतून, कुणी सुतारकामावरून. त्यांना शर्ट झटकू देऊ नका, तो पाण्यात भिजवा. आणि ते पाणी माझ्यासारख्या झारीत ओतू नका. धूळ उडण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडा, एवढंच माझं मागणं आहे. ते फार नाही. मी ते आयुष्यभर केलं.

प्रणव आता कामाचे कपडे कामावरच बदलतो, पिशवीत बांधून आणतो आणि थेट मोरीत जातो. पूर्वी पहिले काही दिवस खूप रडली. भूत का येत नाही म्हणून. हल्ली ती टॉवेल घेऊन मोरीच्या दाराशी उभी असते आणि मोजते. वीस झाले की पुन्हा एकपासून. आतला पाण्याचा आवाज बंद झाला की मोजणंही बंद होतं. दार उघडतं. मला गॅलरीतून फक्त तिची पाठ दिसते, फ्रॉकवर एक ओला हात येतो. तो निघून गेला की कापडावर पाच बोटं उरतात. थोड्या वेळानं तीही सुकून जातात.