गाडी डावीकडे का बसते

मधवाल्यांची पिकअप पुढून दोन इंच उचलायची होती. त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या जिथे असतात तिथवर जाणारा रस्ता नुसता दगडांचा. प्रत्येक खेपेला गाडीचं पोट खरवडून निघायचं. काम तसं साधं. या गाडीला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंग नसतात. पोटाखालून दोन लांब पोलादी दांडे जातात, एक डावीकडून, एक उजवीकडून. दांड्याला पीळ दिला की त्या बाजूची गाडी वर उठते. पीळ द्यायला दोन्ही दांड्यांच्या मागच्या टोकाशी एकेक बोल्ट असतो. दोन्ही बोल्टना सारखे फेरे द्यायचे, पुढचे धक्के सोसणारे दोन शॉकअ‍ॅब्सॉर्बर नवे बसवायचे, झालं. ह्यांनी अशा कितीतरी गाड्या गप्पा मारता मारता केल्या होत्या.

पण या गाडीवर बरंच काही अवलंबून होतं. सहा महिन्यांपूर्वी ह्यांना मेंदूचा झटका आला. बारा दिवस इस्पितळात होते. हातपाय परत आले, बोलणं परत आलं, सगळे म्हणाले देव पावला, आणि मीही तेच म्हटलं. तोवर गॅरेज भावजींनी सांभाळलं. परत आल्यावर ह्यांनी एका गाडीचं चाक बसवलं आणि त्या चाकाचे दोन नट तसेच ढिले राहिले. भावजींच्या नजरेला पडले म्हणून बरं. त्या दिवशी ते दादाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलले.

"दादा, ही मधवाल्यांची गाडी तू एकट्याने कर. मी तिकडे फिरकणारही नाही. संध्याकाळी सरळ उभी दिसली तर उद्यापासून तू पुढे आणि मी तुझ्या हाताखाली, पहिल्यासारखं. नाही दिसली तर गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचं नाही. काउंटरवर बसायचं."

"काउंटरवर तुझी वहिनी बसते. तिच्या मांडीवर बसू?"

भावजी हसले नाहीत. हे मात्र स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसले. बऱ्याच दिवसांनी हसताना दिसले.

पहाटेचं नामस्मरण झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. त्या दिवशी माळ दोनदा ओढली. मागितलं काही नाही, नुसती ओढली.

अकरा वाजता ह्यांचं काम झालं. हे खड्ड्यातून वर आले, गाडी जॅकवरून उतरवली, दोनदा पुढे-मागे घेऊन चाकांवर नीट बसू दिली, आणि दाराशी जाऊन लांबून बघितली.

"झकास!" म्हणाले.

मला ती झकास दिसेना. एक खांदा पाडून उभ्या असलेल्या माणसासारखी दिसत होती. मी टेप घेतला. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत मोजलं. उजवीकडे एकवीस इंच. डावीकडे एकोणीस.

"दोन इंचांचा फरक आहे हो."

"असेल कसा?" त्यांनी स्वतः मोजलं. दोन इंचच. कामाला हात लावण्याआधी माप कुणी घेतलं नव्हतं. त्यांना कधी लागतच नसे, डोळ्यांनीच कळायचं. त्यामुळे मूळची डावी बाजू किती होती हे आता कुणाला सांगता येणार नव्हतं.

मग आम्ही शोधायला लागलो. हवेपासून सुरुवात. चारही चाकांत हवा सारखी. मग ते म्हणाले जमीन उतरती आहे. गाडी तोंड फिरवून उलटी उभी केली. जमीन उतरती असती तर आता उजवी बाजू खाली गेली असती. नाही गेली. डावीच खाली. मग पुढची दोन चाकं अदलून बदलून बघितली. डावीच खाली.

"डावा दांडा थकलाय," ते शेवटी म्हणाले. "वर्षानुवर्षं मधाचे डबे ड्रायव्हरशेजारी त्या बाजूला ठेवतात. त्या डब्यांचं वजन बघितलंस ना? पीळ धरत नाही तो आता. अजून चार फेरे देतो."

बोलणं पटण्यासारखं होतं. गाडी पुन्हा खड्ड्यावर घेतली, पुढून जॅकवर उचलली, ते खाली उतरले. पान्याचा आवाज आला, मोजलेले चार फेरे. वर आले, गाडी उतरवली, पुढे-मागे घेतली. मी मोजलं.

उजवीकडे एकवीस इंच सात सूत. डावीकडे अठरा इंच सात सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन इंचांचा फरक तीन इंच झाला होता.

"तू टेप उलटा धरलास."

मी पुन्हा मोजलं. त्यांनी मोजलं. टेपने काय करायचं, तो आपलं काम करत होता.

"चार फेरे डाव्या बोल्टला दिले ना?" मी विचारलं.

"मग काय तुझ्या बोल्टला दिले?"

तेवढ्यात मधवाले डोकावले. डोक्यावर टोपी, हातात पिशवी, तोंडात कायम काहीतरी तिखट.

"उस्ताद, ही काय नाचायला निघालीय का? या अंगाने उभी राहिली तर माझ्या सगळ्या माश्या एका कोपऱ्यात घरंगळतील. आणि त्या माश्या आहेत, तक्रार तोंडाने करत नाहीत."

"चारला या हो. तुमच्यापेक्षा सरळ उभी करून देतो."

"माझ्यापेक्षा सरळ म्हणजे फार काही नाही," कंबरेवर हात ठेवून ते म्हणाले आणि गेले.

ह्यांनी गाडी पुन्हा पुढून जॅकवर उचलली आणि पान्याकडे बघितलं. कपाळ घामाने भिजलं होतं. दाढी उजवीकडे गुळगुळीत, डावीकडे कानाखाली खुंट तसेच. रोजच असे राहायचे. मी म्हणायचे, आरशात नीट बघत जा. ते म्हणायचे, बघितलं की.

"खाली दिवा नीट पडत नाही," ते म्हणाले. "तू ये आणि धर."

तीस वर्षांत मी खड्ड्यात चार-पाचदा उतरले असेन. मागच्या बाजूने पायऱ्या आहेत. उतरलं की तोंड आपोआप गाडीच्या नाकाकडे होतं, आणि गाडीची डावी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि दिवा उंच धरला.

आडव्या लोखंडी पट्टीत दोन बोल्ट हातभर अंतरावर. उजवा चकाकत होता, आटे नव्याने साफ केलेले, ताजं ग्रीस, खोल वर गेलेला. डाव्यावर वाळलेला चिखल होता. त्या चिखलावर कोळ्याचं जाळं होतं, अखंड. जाळ्यात एक मेलेली मधमाशीसुद्धा होती.

त्या बोल्टला त्या दिवशी कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं.

"आता डाव्याला बघतो," असं म्हणून त्यांनी पाना उचलला आणि उजव्यावर बसवला.

"अहो, डावा."

"डावाच आहे हा."

"मग उजवा कुठला?"

"उजवा हाच," ते म्हणाले, आणि दोन्ही वाक्यांत त्यांना काही वावगं वाटलं नाही. डोळे पट्टीवरून फिरले ते मध्यावर येऊन थांबले, जणू तिथे भिंत होती. मी दिवा डावीकडे सरकवला. त्यांनी मानही वळवली नाही. "उजेड कुठे नेलास?" म्हणाले.

मला एकेक आठवायला लागलं. ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच उरायची आणि ते आणखी मागायचे. दाराच्या चौकटीला डावा खांदा रोज आपटायचा, आणि आम्ही दोघं दाराला नावं ठेवायचो. डाव्या बाहीचं बटण उघडं. मी रोज लावायचे आणि मनात म्हणायचे, विसरभोळे झालेत, इतकंच ना, चालेल. त्यांचे डोळे धड होते. पण डावी बाजूच त्यांच्यासाठी उरलेली नव्हती, आणि ती उरलेली नाही हेही त्यांना कळत नव्हतं. इस्पितळात हात उचला, पाय उचला एवढंच बघितलं होतं.

मी देवाचं नाव घेतलं. नेहमी नावापुढे मन शांत होतं. तेव्हा झालं नाही.

"तुम्ही वर जा. चहा घ्या, तोंड धुवा," मी म्हटलं. "मी इथलं ग्रीस पुसून येते."

ते गेले. मी पाना उचलला. कोळ्याचं जाळं हाताने काढलं. चिखल खरवडला. डावा बोल्ट फिरता फिरेना, पान्याला पाइप लावून अंगाचं वजन टाकलं तेव्हा करकरला. फेरे मोजत गेले. मग उजवा चार फेरे सैल केला. मग दिवा घेऊन डाव्या बाजूचं सगळं तपासलं. नवीन शॉकअ‍ॅब्सॉर्बर त्यांनी चाकाच्या बाजूने बसवला होता, पण खड्ड्यातून आवळायचा खालचा नट नुसत्या बोटांनी लावलेला. दगडांच्या उतारावर तो पहिल्या दोन वळणांतच गळून पडला असता. तो आवळला.

गाडी उतरवली. डावीकडे एकवीस, उजवीकडे एकवीस.

ह्यांनी टेप बघितला आणि लहान मुलासारखे उजळले. "बघ! बसायला वेळ लागतो गाडीला. मी म्हटलं नव्हतं?"

म्हटलं नव्हतं. मी मान हलवली.

चारला मधवाले आले, मागोमाग भावजी. भावजींनी चारी बाजूंनी फिरून बघितलं, स्वतः मोजलं, पुन्हा मोजलं. खाली वाकून टेप गुंडाळताना त्यांचं तोंड मला दिसलं. रडू आवरत होते.

"दादा," ते म्हणाले, "मी उगाच..."

"चल, वेडा कुठला. उद्यापासून वेळेवर ये."

मधवाल्यांनी गाडी चालू केली. "आता माश्या लग्नाला निघाल्यासारख्या बसतील," म्हणाले आणि गेले. गाडी रस्त्याला लागली. सरळ चालली होती.

गप्प राहिले असते तर ती संध्याकाळ आमची होती. पण उद्या दुसरी गाडी येणार होती, परवा तिसरी. ब्रेकचं काम येणार होतं. मी किती गाड्यांखाली आधी उतरणार?

"भावजी," मी म्हटलं, "डावी बाजू मी केली."

दोघंही वळले.

"डाव्या बोल्टला ह्यांचा हात लागलाच नव्हता. शॉकचा नटही सुटाच होता. ह्यांना डावीकडचं दिसत नाही. म्हणजे, दिसतं, पण..." मला सांगता येईना. "डॉक्टरांकडे जावं लागेल."

भावजी हळूच म्हणाले, "त्या चाकाचे नट. तेही डावीकडचेच होते, वहिनी."

ह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे. राग नव्हता त्या नजरेत. एखाद्याच्या अंगणात कुणी भलतंच काही आणून टाकावं आणि त्याने ते काय आहे हे वाकून बघावं, तसे बघत होते.

"मी दोन्ही केले," ते म्हणाले. "दोन्हीकडे आठ-आठ फेरे. मी मोजले."

"मोजले असतील. पण..."

"तीस वर्षांत तू माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हतीस."

"आजही नाही बोलले हो."

"मग मी खोटं बोलतोय?"

तेही खरंच बोलत होते. भावजी रिकाम्या खड्ड्याच्या कडेला बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "दादा, उद्यापासून..." एवढं म्हणाले. ह्यांनी अंगातला कामाचा कोट काढला, घडी केली आणि काउंटरवर माझ्या जागेपाशी ठेवला.

घरी चालत निघालो. मी त्यांच्या उजवीकडून चालले असते तर निदान नजरेला पडले असते. पण वाहनं डावीकडून येत होती, म्हणून मी डावीकडून चालले. चौकात ते थांबले, मागे वळून बघितलं, आणि मी आले नाही असं समजून एकटेच पुढे निघाले. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून चालत होते.